राहुरीच्या दगडाची भावकी

राहुरी तालुक्यातल्या मोमीन आखाड्याच्या खाणीत काळा पाषाण फोडताना मध्येच पोकळी लागते. आत स्फटिकांची दाटी. खडी काढणाऱ्याला ती अडचण, शौकिनाला घबाड. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, मागाहून झिरपलेल्या पाण्यानं त्यांत स्टिलबाइट, हुलँडाइट अशी जिओलाइट कुळातली खनिजं भरली.

हे कूळ ओळखलं स्वीडनच्या क्रोनस्टेटनं, १७५६ मध्ये. ज्योतीत धरताच दगड उकळल्यासारखा फसफसला. सूक्ष्म छिद्रांतलं पाणी बाहेर पडत होतं. हुलँडाइटला १८२२ मध्ये वेगळं नाव मिळालं, तेही एका खनिज-व्यापाऱ्याचं. पुढे आइशहॉर्ननं १८५८ मध्ये दाखवलं की जिओलाइट आपल्यातले क्षार पाण्यातल्या क्षारांशी अदलाबदल करतात. हुलँडाइटचा सख्खा भाऊ क्लिनोप्टिलोलाइट, सांगाडा तोच, फक्त सिलिका जास्त. ब्रिटनच्या सेलाफील्ड अणुकेंद्रात १९८५पासून सांडपाण्यातलं सीझियम आणि स्ट्राँशियम तोच धरून ठेवतो. तो ज्वालामुखीच्या राखेच्या थरांतून टनांनी निघतो. राहुरीचे स्फटिक त्या कामाला पुरणार नाहीत.

आता दुसरं घराणं, रसायनाचं; त्याची गाठ पुढे याच दगडाशी पडते. गोंदियाच्या सीमेपलीकडे, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडला तांब्याचा दगड पिठासारखा दळून पाण्यात घोळतात आणि खालून हवा सोडतात. अशा कामात झॅन्थेट नावाचं रसायन वापरतात. केलरनं १९२५ मध्ये या वापराचं पेटंट घेतलं. ते धातुखनिजाच्या कणाला चिकटलं की कण पाण्याला नाकारतो आणि बुडबुड्याला धरून फेसाबरोबर वर येतो. उरलेलं झॅन्थेट मात्र सांडपाण्यात जातं. माशांना ते घातक. आम्लात फुटून कार्बन डायसल्फाइड सोडतं.

मग टाका जिओलाइट, असं कुणीही म्हणेल. इथेच फसगत होते. सांगाड्यात सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसल्यानं जिओलाइट ऋणभारित असतो; शिसं, तांबं, अमोनियम धन, म्हणून ते अडकतात. झॅन्थेटही ऋण, त्यामुळे साध्या दगडाला ते फारसं धरवत नाही. म्हणून दगडावर धनभारित, लांब शेपटीच्या रेणूंचं दुहेरी लिंपण चढवतात. हे रेणू इतके मोठे की छिद्रांत शिरत नाहीत. ते बाहेरच बसतात आणि पृष्ठभागाचा भार पालटतो. दुसरी युक्ती मला अधिक देखणी वाटते: जिओलाइटमध्ये आधी तांबं भरायचं. झॅन्थेट आणि तांबं भेटले की न विरघळणारा साका बनतो. मात्र भरलेला जिओलाइट पुन्हा वापरायचा, तर तो साका उतरवावा लागतो, नाहीतर त्याचाच नवा कचरा होतो.