सुवाह्य करवत

बांधकामाच्या जागी एका माणसाला सहज नेता येते आणि हातात धरून चालविता येते, अशा लहान करवतीस सुवाह्य करवत म्हणतात. शब्दार्थ पाहिला, तर सुताराची हातकरवतही याच व्याख्येत बसते. परंतु प्रचलित व्यवहारात ही संज्ञा विजेवर किंवा विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या गोल पात्याच्या व उभ्या पात्याच्या करवतींना लावतात. करवतीचा इतिहास लिहिताना बहुधा तिच्या दात्यांचा व पोलादाचा विचार होतो. लाकूड कोठे कापावयाचे, वखारीत की घर उभे राहत असलेल्या जागी, हा प्रश्न त्याहून कमी महत्त्वाचा नाही. सुताराने कोणती करवत निवडली हे बव्हंशी त्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरत आले आहे. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ व त्याच्या आसपासच्या प्रदेशात माळवदी घरांपासून सिमेंट काँक्रीटच्या घरांपर्यंत जे स्थित्यंतर झाले, त्यात ही गोष्ट चांगली दिसून येते.

करवतीस संस्कृतात ‘क्रकच’ व ‘करपत्र’ असे शब्द आहेत. लाकूड चिरण्याच्या मजुरीचा हिशेब हा भारतीय गणितात एक स्वतंत्र विषय होता. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात (६२८) तो येतो आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) ‘क्रकचव्यवहार’ या प्रकरणात त्याची रीत सांगितली आहे. ओंडक्याच्या बुंध्याकडील व शेंड्याकडील जाडीची सरासरी काढावी, तिला लांबीने व छेदांच्या संख्येने गुणावे आणि मापे अंगुळांत असल्यास ५७६ ने भागावे, म्हणजे चिरलेले क्षेत्र चौरस हातांत मिळते. कारण एक हात म्हणजे २४ अंगुळे. तेथील उदाहरणात बुंध्याशी २० व शेंड्याशी १६ अंगुळे जाडीचा, १०० अंगुळे लांब ओंडका चार ठिकाणी चिरला असून उत्तर साडेबारा हात येते. दर मात्र गणिताने ठरत नाही. तो कारागिरांशी होणाऱ्या ठरावावर आणि लाकडाच्या मऊकठीणपणावर अवलंबून असतो, अशी पुस्तीही भास्कराचार्यांनी जोडली आहे. बाभूळ आणि सागवान यांना एकच दर लावणाऱ्या ठेकेदाराला आजही हे सांगावे लागते.

ओंडके चिरण्याचे काम दोन माणसांनी ओढावयाच्या लांब करवतीने होत असे. ओंडका घोडीवर चढवीत. एक जण वर उभा राही, दुसरा खाली राहून भुसा अंगावर घेई. गावातील सुताराची करवत याहून बरीच लहान असे. जुन्या देशी करवतीचे दाते मुठीकडे वळलेले असल्यामुळे ती ओढताना कापी. सुतार जमिनीवर बसून लाकूड पायाच्या पकडीत धरी व करवत स्वतःकडे ओढी. या पद्धतीत पाते ताणलेले राहत असल्याने ते पातळ असले तरी वाकत नसे. बलुतेदारीत सुतार हा पहिल्या ओळीचा बलुतेदार होता. नांगर, कुळव, तिफण व बैलगाडी यांची दुरुस्ती हे त्याचे वर्षभराचे काम आणि त्याबद्दल खळ्यावर मिळणारे धान्य हे त्याचे उत्पन्न. या कामात वाकस व किंकरे ही हत्यारे करवतीपेक्षा अधिक चालत. घरबांधणीत मात्र करवतीवाचून अडे.

माळवद व करवत : मराठवाड्यातील माळवदी घराचा सांगाडा लाकडी असतो. दगडी तळखड्यांवर खांब उभे करून त्यांवर तुळया, तुळयांवर नाटा व त्यांवर किलचण घालतात आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर देतात. चार खांबांमधील जागेस ‘खण’ म्हणतात व घराचे मोजमाप खणांतच सांगतात. भोवतालच्या दगडमातीच्या भिंती पाऊण ते एक मी. जाडीच्या असतात. खांब व तुळई यांचा सांधा जागेवरच बसवावा लागतो, कारण हाताने घडविलेले कोणतेही दोन खांब तंतोतंत सारखे नसतात. चांगले सागवान नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या जंगलातून वा दूरच्या वखारींतून आणावे लागे. म्हणून पुष्कळ घरांत बाभूळ व कडुनिंब यांवर भागविलेले असे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने या बांधणीची परीक्षा घेतली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य भिंतींच्या दगडांखाली आणि छतावरील मातीखाली सापडून गेली. छतावर मातीचा थर अर्धा मी. आणि काही ठिकाणी त्याहूनही जाड होता. अनेक घरांत भिंती कोसळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला, असे नंतरच्या पाहणीत आढळले. जेथे सांगाडाही पडला, तेथे खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरपा आधार नव्हता. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यापलीकडे, फारसे पडझड न झालेल्या गावांतील सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेण्यात आले. छतावरील माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे दुवे घालणे, आणि खांब व तुळई यांमध्ये तिरपे धिरे बसविणे, हे त्यातील मुख्य उपाय होत. धिऱ्याचे दोन्ही टोकांचे छेद कोनात घ्यावे लागतात आणि प्रत्येक खणात तो कोन थोडा वेगळा निघतो. हे काम वखारीतून कापून आणता येत नाही. उभ्या घरात, डोक्याच्या वर, माप घेऊन तेथेच कापावे लागते. सुवाह्य करवतीची खरी गरज काय असते, हे याहून स्पष्टपणे दाखविणारे काम शोधून सापडणार नाही.

यांत्रिक करवती : गोल पात्याच्या करवतीचा उल्लेख असलेले एकस्व इंग्लंडमध्ये सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये मिळाले. पट्टा करवतीचे एकस्व विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये घेतले. पण टिकाऊ पट्टा जोडण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साधली नव्हती. या यंत्रांमुळे कापण्याचे काम जागेवरून गिरणीत गेले. ते परत जागेवर आणण्याची कल्पना, काहीशी अनपेक्षितपणे, उसाच्या फडात सुचली. अमेरिकेतील एडमंड मिशेल यांनी लुइझिॲनातील ऊसतोड पाहून कोयत्याला मोटर व लहानसे गोल पाते जोडले. त्यातूनच हाती धरावयाची विद्युत् करवत निघाली. जोसेफ सलिव्हन यांच्या भागीदारीत १९२४ मध्ये तिचा कारखाना निघाला व पुढे ती ‘स्किलसॉ’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात मोटर व पाते यांमध्ये मळसूत्री दंतचक्र असल्याने वजन मागे व पाते डावीकडे येई. १९२०–३० या दशकाच्या अखेरीस पोर्टर-केबल कारखान्यातील आर्ट एमन्स यांनी मोटर पात्याच्या बगलेस बसवून ही रचना आखूड व हलकी केली. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक गोल करवती या दुसऱ्या घराण्यातील आहेत. उभ्या पात्याची, वळणदार कापणारी हातकरवत मात्र स्वित्झर्लंडमध्ये १९४६ च्या सुमारास तयार झाली. शिवणयंत्राची सुई काढून तिच्या जागी करवतीचे पाते बसविण्यावरून आल्बर्ट काउफमान यांना ती सुचली, असे सांगतात.

महाराष्ट्रात मुंबईच्या मुलुंड भागातील रॅलिवुल्फ कारखान्याने विद्युत् हातयंत्रे बनविण्यास आरंभ केला. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ येथे १९७६ मध्ये कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी स्थापन झाली. तरीही खेड्यांतील सुतारापर्यंत ही यंत्रे पोहोचण्यास पुष्कळ काळ लागला. यंत्राची किंमत हे त्याचे एक कारण. भरवशाची वीज नसणे हे दुसरे व बहुधा अधिक मोठे. भूकंपानंतर दगडमातीच्या घराविषयी लोकांच्या मनात धास्ती बसली आणि विटा व काँक्रीट यांची घरे वाढली. त्यामुळे सुताराचे काम बदलले. खांब व तुळया गेल्या; चौकटी, सेंट्रिंगच्या फळ्या आणि प्लायवुडचे कपाट आले. प्लायवुडचा २४४ × १२२ सेंमी. आकाराचा तक्ता हातकरवतीने सरळ चिरणे कष्टाचे असते आणि ढिल्या हाताने कापल्यास कडेची साल निघते. शिरूर अनंतपाळसारखे पूर्वी निलंगा तालुक्यातील व आता स्वतः तालुक्याचे असलेले गाव घेतले, तरी तेथील कामाचे स्वरूप याच प्रकारचे आहे.

निवड : करवत घेताना प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे छेदाची खोली. १८४ मिमी. व्यासाचे पाते सरळ छेदात सुमारे ६५ मिमी. खोल जाते, ४५° कोनात ते सुमारे ४५ मिमी. पर्यंतच उतरते. दाराच्या चौकटीची ६३ मिमी. जाडी एका फेरीत जेमतेम निघते. १५ सेंमी. चौरस माळवदी खांब चारही बाजूंनी कापला, तरी मध्ये सुमारे २ सेंमी. गाभा उरतो व तो हातकरवतीने तोडावा लागतो. अशी करवत ४ ते ५ किग्रॅ. वजनाची असते. शिडीवर उभे राहून धिरे कापावयाचे असल्यास हे वजन दिवसभर पेलणे सोपे नाही, म्हणून तुकडा खाली आणून कापणे बरे.

पुष्कळ सुतार याऐवजी फरशी कापण्याचे ११० मिमी. पात्याचे यंत्र घेतात व त्याला लाकडाचे पाते लावतात. ते स्वस्त व सुमारे ३ किग्रॅ. वजनाचे असून १८–१९ मिमी. प्लायवुडला त्याची सुमारे ३४ मिमी. खोली पुरते. ही निवड समजण्यासारखी आहे. मात्र ती निर्धोक मानता येणार नाही. लाकडाच्या करवतीत पात्याखाली स्प्रिंगने आपोआप मिटणारे आवरण असते. फरशीच्या यंत्रात ते नसते, कारण तेथील चकतीला दाते नसतात. या यंत्राचा वेग मिनिटाला सुमारे १२,००० फेरे असल्याने पात्याच्या कडेचा वेग सेकंदाला जवळजवळ ७० मी. होतो. ५,५०० फेऱ्यांनी फिरणाऱ्या १८४ मिमी. पात्यात तो सुमारे ५३ मी. असतो. पाते विकत घेताना त्यावर छापलेली वेगाची कमाल मर्यादा यंत्राच्या वेगाहून अधिक आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. छेद मिटून पाते अडकले, तर यंत्र उसळून कापणाऱ्याकडे येते. तक्त्याच्या दोन्ही भागांना आधार दिला, तर असे बहुधा घडत नाही. एक बोट गमावलेल्या सुताराची रोजची मजुरी किती घटते, याचा हिशेब लीलावतीत नाही.

दात्यांची संख्या कामाप्रमाणे निवडावी. रेषेच्या दिशेने फळी चिरण्यास १८४ मिमी. पात्यावर २४ दाते पुरेत. प्लायवुडला ४० ते ६० लागतात. गोल पाते खालून वर कापीत असल्याने साल वरच्या बाजूची निघते. त्यामुळे तक्त्याची चांगली बाजू खाली ठेवतात. हातकरवतीच्या नेमके उलट. जुन्या माळवदाचे सागवान पुन्हा वापरावयाचे असल्यास त्यातील लोखंडी खिळे आधी शोधून काढावेत, नाहीतर कार्बाइडचे दाते पहिल्याच छेदात उडतात. अशा लाकडावर साधे पोलादी पाते वापरणारे सुतार आहेत. ते लवकर बोथट होते खरे, पण तीनधारी कानशीने जागेवरच पुन्हा लावता येते.

२००५ च्या सुमारास लिथियम घटमालेवरील हातयंत्रे बाजारात आली. भारनियमन अनुभवलेल्या मराठवाड्यात तिचा उपयोग स्पष्ट आहे. परंतु १८ व्होल्ट व ५ अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेत ९० वॅट-तास एवढीच ऊर्जा असते. भिंतीतील विजेवर चालणारी १,३०० वॅटची करवत पूर्ण भारावर ती चार-सव्वाचार मिनिटांत संपवील. म्हणून कपाटाच्या फिटिंगला ती सोयीची पडते, तर सेंट्रिंगच्या शेकडो फळ्या कापण्यास तारेची करवत व ठेकेदाराचे जनित्र यांवरच काम चालते. कोणतीही गोल करवत घेतली, तरी खाचेच्या कोपऱ्यात तिचा छेद गोलाईत संपतो व खाली थोडे लाकूड उरते. ते काढण्यासाठी पिशवीत हातकरवत असतेच. [⟶ सुतारकाम]