रत्याचं पोर

पाऊस आठ-दहा दिवस लागून पडला की आजी शेतात उतरायची. साचलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायची. "अजून खारट हाय," असं म्हणाली की त्या दिवशी पेरणी नाही. अलिबागच्या खारेपाटात आमच्या घरचा खरीप तिच्या जिभेवर ठरायचा. उन्हाळ्यात खालचं मीठ वर चढतं, ढेकळं पांढरी पडतात. पावसाचं पाणी ते मीठ विरघळवतं आणि ओहोटीला बांधाच्या दारातून, म्हणजे उघडीतून, खाडीत नेतं. असं दोन-तीनदा झालं की मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. त्याला आम्ही रहू म्हणतो.

आजोबांच्या गोष्टी मात्र बांधापासून सुरू व्हायच्या. समुद्राला अडवणारा बाहेरचा बांध, बाहेरकाठा, साऱ्या गावानं मिळून राखायचा, त्या रीतीला जोळ म्हणत. उधाणाच्या रात्री बांध फुटून खांड पडली की आरोळी उठे आणि घरटी एक माणूस पेंढा-चिखल घेऊन धावे. चरीचा संप झाला तेव्हा ते लहान होते. १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून कुळांनी खोतांची शेतं कसली नाहीत. घरात भाताचा दाणा नव्हता, मोळ्या विकून दिवस काढले. खोताचा माणूस वही घेऊन यायचा. त्यामुळे पुढेही वही घेऊन दारात आलेल्या माणसाशी आजोबा जपूनच बोलत.

ऐंशीच्या दशकात असाच एक वहीवाला आला, कृषी सहायक. तेव्हा प्रशिक्षण व भेट योजना सुरू होती. पंधरवड्यातून ठरलेल्या दिवशी तो यायचा, संपर्क शेतकऱ्याच्या ओटीवर बसायचा. पहिलं वर्ष आमच्या घरानं त्याला फक्त चहा दिला. दुसऱ्या वर्षी त्यानं 'पनवेल-१' भाताचं बी आणलं. आजीनं मान हलवली. तिचं भात म्हणजे रता, लाल दाण्याचं, खारं पाणी सोसणारं. सरकारी बियाणं खारात कसं टिकायचं?

तो चिडला नाही. ओटीवर बसून त्यानं सांगितलं, की पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात हे वाण तयार झालं. फिलिपिन्सहून आलेल्या आयआर-८ चा संकर त्यांनी आपल्याच भुऱ्या रत्यातून निवडलेल्या वाणाशी केला. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "रत्याचाच पोर हाय? मंग येऊदे घरान."

त्या वर्षी पेरणीआधी त्यानं घमेल्यात दहा लिटर पाणी घेतलं, त्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवलं आणि बी ओतलं. पोल दाणे वर तरंगले, भरीव तळाशी बसले. तरंगलेलं काढून टाकलं, तळचं साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन सावलीत पसरलं. जन्मभर मिठाशी भांडलेल्या आजीनं ते मिठाचं पाणी घमेल्यावर वाकून पाहिलं. "मिठाचा बी उपेग असतो तर," इतकंच म्हणाली. पुढची सगळी वर्षं बी निवडायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

कृषी विस्तार म्हटलं की मला ते घमेलं आठवतं. खारात तगायचं बळ रत्यात होतंच, पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी ते बी जपलं होतं म्हणून. केंद्रानं त्याला जादा उतारा देणारी जोड दिली आणि सहायकानं ते पुन्हा आमच्या ओटीवर आणलं. या तिघांतला एक जरी गळला असता तरी आमच्या कणग्या भरल्या नसत्या.

पण बी कितीही सोशिक असलं तरी भरतीचं पाणी सोसत नाही. आज कित्येक ठिकाणी खांडी पडल्यात, भाताच्या जागी तिवरं उभी आहेत. बियाणं एका खात्याकडे, बांध दुसऱ्याकडे आणि जोळ कुणाकडेच नाही. शेतकऱ्याला शेतात भेटायला येणाऱ्यानं आधी बांधावरून चालत यावं, खांड डोळ्यांनी पाहावी आणि गावाला पुन्हा एकत्र बसवावं, असं मला मनापासून वाटतं. शिफारशींइतकंच हेही विस्ताराचं काम आहे.

तो सहायक बदलीवर गेला त्या साली पेरणीआधी निरोप घ्यायला आला होता. आजीच्या मागोमाग शेतात उतरला, वाकला, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"काय रं बाला?" आजीनं विचारलं.

"अजून दोन दिवस थांबा," तो म्हणाला.

आम्ही दोन दिवस थांबलो.