गांधार कोणता लावायचा? ब्लूज गिटारमधील एका जुन्या पेचाचा इतिहास

१/१६
वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीतील मित्र गिटार शिकतो. ब्लूज हा त्याचा ध्यास. पहिल्याच ऑनलाइन धड्याने त्याला पाच स्वरांचा एक साचा दिला आणि सांगितले की मागे कोणतीही कॉर्ड वाजो, हे पाच स्वर चुकणार नाहीत. ते खरोखरच चुकत नाहीत. तरीही परवा तो वैतागून म्हणाला, "सगळं बरोबर वाजतंय, पण मी काही बोलतोय असं वाटतच नाही." त्याच्या या तक्रारीमागे सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो केवळ संगीताचा नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/१६
आधी थोडी परिभाषा. तीन स्वर एकत्र वाजवून साधलेल्या मेळाला पाश्चात्त्य संगीतात ट्रायड म्हणतात. सा-ग-प हा त्याचा सर्वांत परिचित नमुना. पेंटाटॉनिक म्हणजे पाच स्वरांची मालिका, आपल्या भाषेत औडव. मेजर पेंटाटॉनिक म्हणजे सा रे ग प ध, हे आपल्या भूपाचे स्वर. मायनर पेंटाटॉनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नि, हे धानीचे स्वर. साम्य केवळ स्वरांपुरते आहे. रागाचे चलन, न्यास, वेळ यांचा येथे संबंध नाही. मात्र हे स्वर कानात असतील तर पुढचे सारे सहज उलगडेल.

३/१६
ब्लूजचे रूढ आवर्तन बारा खंडांचे असते आणि प्रत्येक खंडात चार मात्रा. पहिले चार खंड षड्जावरची कॉर्ड, पाचवा-सहावा मध्यमावरची, सातवा-आठवा पुन्हा षड्जावरची, नववा पंचमावरची, दहावा मध्यमावरची आणि शेवटचे दोन परत घरी, षड्जावर. हा झाला सर्वसाधारण आराखडा. त्यात फेरफार अनेक होतात. षड्जाच्या ट्रायडमध्ये सा-ग-प, मध्यमाच्या ट्रायडमध्ये म-ध-सा आणि पंचमाच्या ट्रायडमध्ये प-नि-रे, हे सारे शुद्ध स्वर.

४/१६
आता पेच पाहा. पहिल्या कॉर्डमध्ये शुद्ध गांधार आहे; वादकाच्या मायनर पेंटाटॉनिकमध्ये कोमल. दोन्ही एकाच वेळी वाजतात आणि घासतात. हे घर्षण म्हणजेच ब्लूजचा खारटपणा. पण पाचव्या खंडात चमत्कार होतो. ब्लूजमध्ये मध्यमाच्या कॉर्डला बहुधा चौथा स्वर जोडतात आणि तो स्वर असतो कोमल गांधार. म्हणजे जो स्वर क्षणापूर्वी परका होता, तोच आता घरचा झाला. एकच साचा सर्वत्र वाजवणाऱ्याच्या हातून नेमका हा क्षण निसटतो. माझा मित्र ज्याला 'बोलणे' म्हणतो, ते बहुतांशी येथे घडते.

५/१६
हे दोन गांधार आले कोठून? पंचस्वरी गायनाची मुळे संशोधक पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यापर्यंत नेतात; गेऱ्हार्ड कुबिक यांचे १९९९चे पुस्तक या विषयावर महत्त्वाचे मानले जाते. गुलामगिरीत वाद्यांवर बंधने आली. १७३९च्या स्टोनो उठावानंतर साउथ कॅरोलिनाने १७४०च्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास मनाई केली. गळा मात्र जप्त करता येत नाही. शेतातील आरोळ्या आणि श्रमगीते यांतून ती स्वरस्मृती टिकली. त्या गायनातील गांधार धड कोमलही नव्हता आणि धड शुद्धही नव्हता. तो दोहोंच्या मध्ये कोठेतरी हेलकावत असे.

६/१६
ट्रायड आले दुसऱ्या दाराने: चर्चमधील भजने, लष्करी बँड, नृत्याच्या धुना आणि बैठकीच्या खोलीतील पियानो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टपालाने माल धाडणाऱ्या दुकानांच्या कॅटलॉगांतून स्वस्त गिटार खेडोपाडी पोहोचली. पडदे असलेल्या या वाद्यावर कॉर्ड हाताशी येतात, पण हेलकावणारा गांधार पडद्यांच्या फटीत हरवतो. तो परत मिळवण्यासाठी कोणी तारेवर सुरी घासली, कोणी बाटलीचा गळा बोटात घातला, तर कोणी तार ओढून मींड काढली. ब्लूज गिटारचे तंत्र म्हणजे या दोन वारशांमधील वाटाघाट होय.

७/१६
या वाटाघाटीतील पहिले मोठे नाव लॉनी जॉन्सन यांचे. न्यू ऑर्लिन्सच्या वादक कुटुंबात ते वाढले, व्हायोलिनही वाजवत. १९२५ साली सेंट लुईसमधील ब्लूज स्पर्धा जिंकून त्यांनी ओके कंपनीचा करार मिळवला. डिसेंबर १९२७मध्ये ते लुई आर्मस्ट्राँग यांच्या 'हॉट फाइव्ह'बरोबर वाजले आणि १९२८मध्ये ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाबरोबर. त्यांच्या एकेरी स्वरांच्या तानांत कॉर्डचे स्वर मोडून गुंफलेले ऐकू येतात आणि त्यांच्या कडेने ओढलेल्या तारेचे ब्लूज स्वर. म्हणजे आज 'प्रगत धडा' म्हणून शिकवली जाणारी गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्यांवर उपलब्ध आहे.

८/१६
त्याच सुमारास जॉन्सन यांनी एडी लँग या गोऱ्या वादकाबरोबर गिटारची द्वंद्वे ध्वनिमुद्रित केली. काळे संगीत 'रेस रेकॉर्ड्स' या वेगळ्या नावाखाली विकले जाण्याचा तो काळ. काळ्या-गोऱ्यांची जोडी बाजाराला चालणारी नव्हती. म्हणून लँग यांचे नाव तबकडीवर 'ब्लाइंड विली डन' असे छापले गेले. लँग अंध नव्हते. पण 'अंध, काळा, रस्त्यावरचा गायक' ही प्रतिमा तोवर इतकी विकाऊ झाली होती की ती मुखवटा म्हणून वापरता येत होती. या प्रतिमेकडे पुढे परत येऊ.

९/१६
आता ओक्लाहोमा सिटी. १९१६ साली जन्मलेले चार्ली ख्रिश्चन येथील काळ्या वस्तीत वाढले. त्यांच्याच शहरात लहानाचे मोठे झालेले कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी १९५८च्या लेखात एक तपशील नोंदवला आहे: ख्रिश्चन ज्या शाळेत गेले, तेथे नववी ते बारावी स्वरसंवादाचे, म्हणजे हार्मनीचे शिक्षण दिले जात होते. वंशभेदाने वेगळ्या काढलेल्या, साधनांनी तुटपुंज्या त्या शाळांत झेलिया ब्रो या संगीत शिक्षिकेने ही परंपरा उभी केली होती. ख्रिश्चन शाळेच्या वाद्यवृंदात नव्हते. सिगारच्या खोक्यांपासून बनवलेल्या गिटारवर ते मित्रांना रिझवत. पण त्यांच्या भोवतालच्या हवेत ट्रायड होते.

१०/१६
१९३६मध्ये गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेवर चालणारी गिटार आली आणि एकेरी स्वरांची तान ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गर्दीतही ऐकू येऊ लागली. १९३९मध्ये ख्रिश्चन बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. ते कॉर्डचा आकार डाव्या हातात धरत आणि तान त्या आकाराभोवती विणत. मार्च १९४२मध्ये, वयाच्या अवघ्या २५व्या वर्षी ते गेले. त्यांचे स्नेही टी-बोन वॉकर लहानपणी डॅलसच्या रस्त्यांवर ब्लाइंड लेमन जेफरसन यांना हात धरून नेत असत. जुन्या रस्त्यावरच्या गायकीचे ऋण आणि नव्या शहरी कॉर्डची जाण, दोन्ही वॉकर यांच्या १९४७च्या 'स्टॉर्मी मंडे'मध्ये एकत्र आहेत.

११/१६
ते गाणे ऐकून विजेच्या गिटारकडे ओढला गेलेला एक तरुण म्हणजे बी. बी. किंग. जन्म १९२५, मिसिसिपीच्या कापूस-पट्ट्यात. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए नभोवाणी केंद्रावर ते निवेदक झाले. हरतऱ्हेच्या तबकड्या ऐकणे हाच व्यवसाय झाला. लॉनी जॉन्सन, ख्रिश्चन, वॉकर आणि फ्रान्समधील जँगो राइनहार्ट, हे त्यांचे गुरू. त्यांतील बहुतेकांशी गाठ प्रथम तबकडीतूनच पडली. आपल्याकडे ज्याला एकलव्याची साधना म्हणतात, तीच ही. फक्त मातीच्या पुतळ्याच्या जागी लाखेची तबकडी.

१२/१६
वादकांनी 'बी. बी. किंग बॉक्स' असे नाव दिलेली जागा समजून घेण्यासारखी आहे. दुसऱ्या तारेवर षड्ज धरा. दोन पडदे पुढे शुद्ध रिषभ. पहिल्या तारेवर, षड्जाच्याच पडद्यावर मध्यम आणि रिषभाच्या पडद्यावर पंचम. तिसऱ्या तारेवर, या दोहोंच्या मधल्या पडद्यावर शुद्ध धैवत. आता रिषभाची तार ओढा: अर्धा स्वर ओढली तर कोमल गांधार, पूर्ण स्वर ओढली तर शुद्ध. म्हणजे पंजाभर जागेत सा-ग-प आहे, म-ध-सा आहे आणि दोन्ही गांधारांची निवड एका बोटाच्या जोरावर आहे. षड्जाच्या कॉर्डवर पूर्ण, मध्यमाच्या कॉर्डवर अर्धी. ट्रायड आणि पेंटाटॉनिक यांचा इतका काटकसरी संगम मला अन्यत्र दिसलेला नाही.

१३/१६
गंमत अशी की आपल्याला कॉर्ड नीट वाजवता येत नाहीत, असे किंग स्वतः मोकळेपणाने सांगत. साथीच्या कॉर्ड हा त्यांचा प्रांत नव्हता, हे खरे. पण नोव्हेंबर १९६४मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात झालेले त्यांचे ध्वनिमुद्रण ऐकावे. बँड क्षणभर थांबला तरी आवर्तन कोठे पोहोचले आहे, हे एकट्या गिटारवरून कळते. कर्टिस मेफील्ड यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांनी आपली गिटार पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर जुळवली. काळ्या पट्ट्या म्हणजे पेंटाटॉनिक. आणि मेफील्ड यांच्या मोकळ्या तारा छेडल्या की वाजे मेजर ट्रायड. कोणी न शिकवता दोन्ही वारसे त्यांनी वाद्याच्या जुळणीतच बसवले. जिमी हेंड्रिक्स यांच्या १९६७च्या 'लिटल विंग'मधील कॉर्ड आणि तानांची वीण याच परंपरेतील.

१४/१६
मग प्रश्न पडतो: एवढा पुरावा असताना 'ब्लूज म्हणजे पाच स्वर आणि भावना' हे समीकरण का रूढ झाले? एक कारण साधे आहे. रॉकमध्ये अनेकदा एकाच कॉर्डवर बराच वेळ वाजवतात. तेथे एक साचा पुरतो आणि शिकवायलाही सोपा. दुसरे कारण मात्र इतिहासाचे आहे. २३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड यांनी काळ्या संगीताचा भव्य कार्यक्रम केला. त्यात बिग बिल ब्रूंझी यांची ओळख साधा शेतमजूर अशी करून देण्यात आली. प्रत्यक्षात ते अनेक वर्षे शिकागोत राहून तबकड्या काढणारे मुरलेले व्यावसायिक होते. हॅमंड यांचा हेतू सद्भावनेचाच होता. पण श्रोत्यांना शिकलेला कलावंत नव्हे, निसर्गपुत्र हवा होता.

१५/१६
त्या कार्यक्रमासाठी हॅमंड यांना मुळात हवे होते रॉबर्ट जॉन्सन. पण ऑगस्ट १९३८मध्येच त्यांचा मृत्यू झाला होता. १९३६-३७मध्ये अवघी २९ गाणी मुद्रित करून गेलेल्या या वादकाभोवती पुढे दंतकथा रचली गेली की चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्यांनी ही कला मिळवली. वस्तुस्थिती अशी की मिसिसिपीत आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे ते शिकले, आणि त्यांच्या 'मॉल्टेड मिल्क'सारख्या गाण्यावर लॉनी जॉन्सन यांच्या शैलीची छाप उघड आहे. म्हणजे गुरू होता, तबकड्या होत्या, सराव होता. दंतकथा रंजक आहे, हे मान्य. पण काळ्या माणसाच्या अभ्यासाचे श्रेय सैतानाला द्यायला लोक तयार झाले आणि अभ्यासाला द्यायला तयार झाले नाहीत, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवावी. या लोकांनी लेखी सिद्धान्त फारसा मागे ठेवला नाही. त्यांचा सिद्धान्त तबकडीत आहे. तो वाचायचा कानांनी.

१६/१६
मित्राला मी एवढेच सुचवले: साचा टाकू नकोस, पण आधी आठवडाभर प्रत्येक खंडात फक्त त्या-त्या कॉर्डचे तीन स्वर वाजव, मग त्यांच्या मधल्या जागा पेंटाटॉनिकने भर. सुरुवातीला ते शाळकरी पाढ्यांसारखे वाजले. काल रात्री मात्र भिंतीपलीकडून चौथ्या खंडात शुद्ध गांधार ऐकू आला, आणि पाचव्यात शिरताना तोच अर्ध्या स्वराने खाली उतरून कोमल झाला. त्याने ती जागा तीनदा परत वाजवली. मी वाचत होतो ते पुस्तक मिटले आणि ऐकत राहिलो.

आपणही ऐकून पाहावे: लॉनी जॉन्सन आणि एडी लँग यांची द्वंद्वे, मग चार्ली ख्रिश्चन, मग टी-बोन वॉकर आणि शेवटी रीगल थिएटरचे बी. बी. किंग, याच क्रमाने. पाचव्या खंडाकडे कान ठेवावा. काय ऐकू आले, ते खाली जरूर लिहावे.