तळटीप : ‘वजन नाहीसे झाले’

* लेखक बसले ती राइड म्हणजे फ्लॉरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या एप्कॉट उद्यानातली ‘मिशन : स्पेस’, सुरुवात २००३. अशा बहुतेक राइडमध्ये खुर्ची हलते आणि पडद्यावर चित्र धावते, एवढेच. इथे मात्र अंतराळवीरांच्या सरावात असते तसे सेंट्रिफ्यूज आहे. चौघाचौघांच्या बंद कुप्या मधल्या आसाभोवती गरगर फिरतात. त्या फिरण्याचा जोर आणि गुरुत्वाकर्षण मिळून प्रवाशाला पाठीकडे दाबतात, आणि मेंदू त्याला उड्डाण समजतो. वजन नाहीसे झाल्याची लेखकांची भावना प्रामाणिक आहे, पण तसे घडत नाही. जमिनीवर आडव्या फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये वजन नेहमीपेक्षा कमी होऊच शकत नाही. वेग उतरला की दाब ओसरतो आणि तो फरकच हलकेपणा वाटतो. ‘मान वळवू नका, समोर पाहा’ ही तिथली सूचनाही शोभेची नव्हे : फिरताना डोके हलवले की कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नलिकांमधला द्रव भलत्याच दिशेने ढवळतो आणि मळमळू लागते. उलटीच्या पिशव्या ठेवाव्या लागल्या त्या उगीच नाहीत. २००५ आणि २००६ मध्ये राइडनंतर एकेक प्रवासी दगावला. शवविच्छेदनात दोघांनाही आधीचा आजार असल्याचे आढळले. २००६ मध्येच न फिरणारा सौम्य प्रकार सुरू झाला. त्याचा रंग हिरवा, फिरणाऱ्याचा केशरी. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या वाचकांनी केशरीच्या वाटेला जाऊ नये. — संपादक