खुराकीतली गोळी

30 जुलै 2019 रोजी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने उत्तेजक चाचणीत अडकलेल्या तीन खेळाडूंची नावं जाहीर केली. त्यात पृथ्वी शॉ होता, म्हणून देशभर बोभाटा झाला. विदर्भाचाही एक खेळाडू त्या यादीत होता, पण शॉच्या सावलीत तो झाकला गेला. शॉच्या नमुन्यात सापडलं टर्ब्युटालिन. हे खोकल्याच्या औषधातलं द्रव्य, स्टेरॉइड नव्हे. मंडळाने त्याचा खुलासा मानला, आठ महिन्यांची बंदी मागच्या तारखेपासून लावली आणि दहा दिवसांत, इतकी वर्षं नाकं मुरडून झाल्यावर, राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेची म्हणजे 'नाडा'ची चाचणी स्वीकारली.

नागपूरच्या रामदासपेठेत आणि शेजारच्या धंतोलीत दवाखान्यांना खेटून दवाखाने आहेत. तिथे राहणाऱ्याला टर्ब्युटालिनचं सिरप काही नवलाचं नाही. हाडं ठिसूळ झालेल्या रुग्णांना डॉक्टर ज्याची इंजेक्शनं देत आले ते नॅन्ड्रोलोन हे स्टेरॉइडही चिठ्ठीवर मिळणारं साधं औषध. पहिल्याच आयपीएलमध्ये, 2008 साली, पाकिस्तानच्या मोहम्मद आसिफच्या नमुन्यात हेच सापडलं होतं.

पण महाराष्ट्रात स्टेरॉइडची गोष्ट सांगायची तर क्रिकेटचं मैदान सोडून तालमीत जावं लागतं. अंग कमावणं हाच जिथे धंदा, तिथे अंगात काय जातं याचा हिशेब आधीपासून होता. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण ही पैलवानाची खुराक. ती कुणाच्या पैशाने चालते, यावर त्याचं भवितव्य ठरे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्ल पदरी ठेवले, 1912 मध्ये खासबाग मैदान उभं केलं. संस्थानं गेली आणि हा खर्च गावावर, जत्रेच्या इनामावर, शेवटी घरच्या दुभत्या जनावरांवर आला. खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. सरकारने त्यांना पुढे पोलीस खात्यात नोकरी दिली, तीही 1955 मध्ये.

त्याच दशकात अमेरिकेत एक गोळी तयार होत होती. 1954 मध्ये व्हिएन्नातल्या जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेला अमेरिकन संघाबरोबर गेलेल्या डॉ. जॉन झीगलरच्या कानावर आलं, की रशियन वजनउचले टेस्टोस्टेरॉन घेतात. 1958 मध्ये सिबा कंपनीने मेथँडिएनोन हे स्टेरॉइड 'डायनाबॉल' या नावाने बाजारात आणलं. ते होतं आजारातून उठलेल्यांसाठी. झीगलरने ते पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या वजनउचल्यांना दिलं. पुढे पोरं त्याने सांगितलेल्या मात्रेच्या कितीतरी पट गोळ्या खाऊ लागली आणि तो स्वतःच्याच उद्योगाला शिव्या घालत राहिला. ऑलिंपिकमध्ये स्टेरॉइडची तपासणी सुरू व्हायला 1976 चं माँट्रिअल उजाडलं.

बेसबॉलवाल्यांना त्याहूनही उशिरा जाग आली. 1961 मध्ये, म्हणजे आपल्याकडे पहिला महाराष्ट्र केसरी ठरला त्याच साली, रॉजर मॅरिसने एका हंगामात 61 होमरन मारून विक्रम केला होता. 1998 मध्ये मार्क मॅग्वायरने 70 मारले. त्याच्या कपाटात अँड्रोस्टेनडायोन या स्टेरॉइडची बाटली एका पत्रकाराला दिसली, तर लोक पत्रकारावरच चिडले. त्या खेळात तेव्हा ते निषिद्ध नव्हतं. स्टेडियम भरत होती, मालक खूश होते, चाचणी कुणालाच नको होती. ती सुरू झाली 2003 मध्ये. बेसबॉलमधल्या उत्तेजकांची चौकशी करणाऱ्या, 13 डिसेंबर 2007 च्या मिचेल अहवालात 89 खेळाडूंची नावं आली. बॅरी बाँड्स 762 होमरनचा विक्रम नावावर असूनही हॉल ऑफ फेमच्या दारातच राहिला. मॅग्वायरने कबुली दिली 2010 मध्ये.

झीगलरची ती जुनी गोळी मात्र संपली नव्हती. 2011 च्या उन्हाळ्यात भारताच्या रिले संघातल्या धावपटूंच्या नमुन्यांत मेथँडिएनोन निघालं. पाच वर्षांनी ते महाराष्ट्र पोलिसांच्या एका उपअधीक्षकाच्या नमुन्यात सापडलं.

तो उपअधीक्षक म्हणजे मल्ल नरसिंग यादव, जोगेश्वरीच्या दूधवाल्याचा मुलगा, भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या म्हणजे 'साई'च्या कांदिवली केंद्रात घडलेला. 2011, 2012 आणि 2013 अशी सलग तीन वर्षं त्याने महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर घेतली. त्यातली मधली गोंदियात, म्हणजे विदर्भाच्या डोळ्यांसमोर. सप्टेंबर 2015 मध्ये लास व्हेगासला जागतिक कांस्य जिंकून त्याने 74 किलो गटात भारतासाठी रिओची जागा मिळवली. दुखापतीतून परतलेल्या ऑलिंपिक पदकविजेत्या सुशीलकुमारने त्या जागेसाठी निवड चाचणी मागितली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि जून 2016 मध्ये निकाल नरसिंगच्या बाजूने लागला. तीन आठवडे होत नाहीत तोच, 25 जूनला सोनीपतच्या शिबिरात 'नाडा'ने नमुना घेतला. त्यात मेथँडिएनोन होतं. 5 जुलैचा नमुनाही सदोष निघाला.

माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं, असं नरसिंगने सांगितलं. महाराष्ट्राला ते पटायला वेळ लागला नाही. खुराकीत काहीबाही मिसळून मल्ल बाद केल्याच्या गोष्टी तालमीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. 'नाडा'च्या शिस्तपालन समितीनेही 1 ऑगस्टला त्याला निर्दोष सोडलं. जागतिक संस्था 'वाडा' मात्र क्रीडा लवादाकडे गेली. 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओतच निकाल आला: चार वर्षं बंदी. शरीरात जे सापडेल त्याचा धनी खेळाडू, हा उत्तेजकविरोधी कायद्याचा पाया. कट झाला म्हणणाऱ्यानेच तो सिद्ध करायचा असतो. नरसिंगला ते जमलं नाही. नमुन्यातलं प्रमाण पाहता हे पाण्यात कालवलेल्या भुकटीचं नव्हे, एक-दोन गोळ्या गिळल्याचं लक्षण आहे, आणि घेणंही एकदाच झालेलं नाही, हे तज्ज्ञांचं मत लवादाने उचलून धरलं.

चर्चा मग 'कुणी कालवलं' यावरच रेंगाळली, चौकशी सीबीआयपर्यंत गेली. खरा अवघड प्रश्न वेगळा होता: सरकारी शिबिराच्या आवारात ही गोळी पोहोचली कशी? नरसिंगची बाजू खरी मानली तरी ती कुणाच्या तरी खिशात होतीच. खेद याचा, की या प्रश्नाने कुणाची झोप उडाली नाही. नरसिंग खोटा की खरा, एवढ्यातच आपण गुंतलो.

2023 मध्ये 'नाडा'ने तपासलेल्या 5,606 नमुन्यांपैकी 213 सदोष निघाले. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत इतकं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्याही देशाचं नव्हतं. 2022 मध्ये संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला. पण तो बघतो स्पर्धेतल्या खेळाडूकडे. व्यायामशाळेत आरशासमोर दंड फुगवणारा पोरगा त्याच्या जाळ्यात येतच नाही. पुण्यात पोलिसांनी जिमवाल्या पोरांना विकल्या जाणाऱ्या मेफेन्टरमाइनच्या बाटल्या वारंवार पकडल्या. भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरायचं हे औषध. याने स्नायू वाढत नाहीत, फक्त थकवा दडपला जातो आणि हृदयावर ताण पडतो. डोपिंगविरोधी नियमांत ते आहेच, पण जिममध्ये नमुना घ्यायला कुणी येत नाही. तिथे पोहोचतो तो औषध निरीक्षक किंवा हवालदार, तोही तक्रार झाली तर.

नरसिंगची बंदी 2020 मध्ये संपली. वर्षअखेरीस तो बेलग्रेडच्या स्पर्धेत पुन्हा उतरला. एप्रिल 2024 मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाची निवडणूक झाली, आणि मल्लांची गाऱ्हाणी महासंघापुढे मांडणाऱ्या त्या आयोगाचा तो अध्यक्ष झाला.