पेटीगरांची जुडी

दिंडोशीतल्या घरात सुतार काम आटोपतो तेव्हा सागाचे, शिसवीचे तुकडे उरतात. त्यांच्या पट्ट्या चिकटवून, आडव्या कापून, फिरवून जोडल्या की नक्षीदार टेबल होते. ही युक्ती मुंबईला नवी नाही.

शिराजहून सिंधमार्गे सुरतेला आणि तेथून मुंबईला आलेल्या सदेलीकामात हस्तिदंत, शिंग, आबनूस, कथील यांच्या बारीक काड्यांची जुडी सरसाने चिकटवीत. मग काकडीसारख्या चकत्या! प्रत्येकीवर तीच चांदणी. जुडी सैल राहिली तर सारी मेहनत वाया. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात हे काम मांडले गेले. साहेब त्या पेट्यांना ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत.

हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, ते बरेच झाले. हात मात्र थोडे उरले. सुरतेतले मोजके पेटीगर आता प्लास्टिकच्या काड्या वापरतात.