माहुलीचं वऱ्हाड आणि वजीर

आसनगावला गाडीतून दिसणारे माहुलीचे सुळके आपण पाहिलेत. नवरा, नवरी, भटोबा... नावं ऐकली की दगड झालेलं वऱ्हाडच डोळ्यांसमोर येतं. मग याच रांगेत वजीर कुठून आला?

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२००५-२००८) या कार्टून मालिकेचे चाहते असेच प्रश्न काढतात. माती हलवणारी टॉफ धातू कसा वाकवते? धातूत मातीचे कण उरलेले असतात म्हणून. तिथं नियम मालिकेनंच दिलाय, इथं तो आपल्याला शोधायचाय.

१६३६ मध्ये शहाजीराजे बाल निजामशहाला घेऊन याच गडावर वेढ्यात सापडले. गड द्यावा लागला, निजामशाही संपली. बादशहा आला तिथं वजीर आलाच, असं आम्हाला वाटतं. हा तर्क, इतिहास नव्हे. कुणी बुद्धिबळातलं मोहरं आठवून नाव ठेवलं असेल, तर आमचा सगळा डाव उधळला!